काळी, पांढरी आणि आभाळ

शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी आणि पलीकडच्या तीरावरचं, पारनेर तालुक्यातलं निघोज यांच्या मधून कुकडी नदी वाहते. तिथे नदीच्या पात्रात काळ्या कातळाला ओळीने खळगे पडले आहेत. काही ओंजळीएवढे, काही माणूस उभा बुडेल इतके खोल. कडा गुळगुळीत, पोट फुगीर, तोंड त्यामानाने अरुंद. कुंभाराने रांजण घडवून कातळात पुरून ठेवले असावेत, असंच पाहणाऱ्याला वाटतं, आणि लोकांनी नावही तेच दिलं आहे: रांजणखळगे. पण ते कोणीही घडवलेले नाहीत. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे एकाच जागी गरगर फिरत राहतात, कातळ खरवडतात, खड्डा खोल होत जातो आणि हजारो पावसाळ्यांनंतर रांजण तयार होतो. हीच कुकडी पुढे घोड नदीला मिळते. घोडच्या उजव्या तीरावर, शिरूर तालुक्यातच, इनामगाव आहे. तिथे पुरातत्त्वज्ञांना पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात दुसरा एक रांजण सापडला. हा मातीचा, न भाजलेला, पोट सुटलेला, खाली चार आखूड पाय असलेला. त्यात सुमारे चाळीस वर्षांचा एक पुरुष मांडी घालून बसवलेला होता. तीन हजार वर्षांपूर्वीचं हे दफन आहे. एक रांजण पाण्याने घडवला, एक माणसाने. रेखीवपणात पाण्याचा रांजण सरस आहे, माणसाचा ओबडधोबड. तरीही कुठला रांजण बुद्धीचा आणि कुठला नुसत्या पाण्याच्या ओघाचा, हे आपण क्षणात सांगतो. कशाच्या जोरावर सांगतो, हा प्रश्न मला फार मोठा वाटतो, कारण आभाळात आपल्यासारखं कोणी आहे का, या प्रश्नाची निम्मी उकल त्यातच आहे.

आभाळाचा विषय इथे ओढूनताणून आणलेला नाही. घोडच्याच खोऱ्यात, वरच्या अंगाला, जुन्नर तालुक्यात खोडद आहे, आणि खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी एकत्र आणि १६ तीन दिशांना पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या केंद्रातून ती उभी राहिली. ही दुर्बीण परग्रहवासीयांसाठी बांधलेली नाही; तिचं काम स्पंदक ताऱ्यांचं, दूरच्या आकाशगंगांचं, हायड्रोजनच्या ढगांचं. पण कोणी रेडिओवर बोलत असेल तर ते ऐकू येईल, असे जे मोजके कान माणसाने पृथ्वीवर बांधले आहेत, त्यांतला हा एक आहे. म्हणजे एकाच खोऱ्यात वर आभाळ ऐकणारं यंत्र, मधे पाण्याने घडवलेले रांजण, खाली माणसाने घडवलेला रांजण, आणि हे सगळं पाणी शेवटी भीमेत मिसळून दौंडच्या अंगावरून वाहत जातं. माझं म्हणणं असं की आभाळातली बुद्धी ओळखण्याचा जो निकष गेली साठ-पासष्ट वर्षं आपण खोडदसारख्या यंत्रांच्या सोयीने ठरवला, तो इनामगावच्या कसोटीवर टिकत नाही. बुद्धी म्हणजे काय, हे दुर्बिणीपेक्षा इनामगावच्या टेकाडाने आपल्याला जास्त नेमकं शिकवलं आहे.

मातीवरून माणूस ओळखण्याचा निकष दख्खनच्या शेतकऱ्याकडे पुरातत्त्वशास्त्राच्या आधीपासून होता. गावाचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. जुन्या कागदपत्रांत हे शब्द याच अर्थाने येतात. वस्तीची माती पांढरट का होते? पिढ्यानपिढ्या चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, हाडं, खापरं एकमेकांत मिसळत जातात आणि आजूबाजूच्या काळ्या रानात तो तुकडा वेगळा उठून दिसतो. गाव उठून गेलं, नाव विसरलं, तरी माती बोलते. शेतकरी ही माती खत म्हणून गाड्या भरून शेतात नेत, त्यामुळे कितीतरी जुन्या पांढऱ्या कायमच्या नष्ट झाल्या, हे दुःखही इथे नोंदवलं पाहिजे. पण मुद्दा असा की पांढरी ओळखायला त्या माणसांची भाषा, देव, जात काहीच माहीत असावं लागत नाही. इथे कोणीतरी राहिलं, पुन्हा पुन्हा चूल पेटवली, पडलेलं घर पुन्हा बांधलं, एवढं कळतं. एखाद्या परक्या बुद्धीची पहिली ओळख अशीच होणार, तिच्या भाषणाच्या आधी तिच्या राखेतून.

इनामगावची अशी पांढरी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खणली. हसमुख सांकलिया, अन्सारी आणि मधुकर ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. नुसता एक खोल खड्डा घेऊन थर मोजण्यापेक्षा त्यांनी वस्ती आडवी उघडली, त्यामुळे शंभरावर घरांचे अवशेष हाती आले आणि एक अख्खं गाव डोळ्यांसमोर उभं राहिलं. इ.स.पू. १६०० च्या सुमाराला ते वसलं, इ.स.पू. ७०० च्या सुमाराला उठलं; मधे माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे तीन काळ. नऊशे वर्षं एकाच जागी माणसं नांदली. त्यांना लिहिता येत नव्हतं. तांबं होतं, पण थोडं. बरीचशी हत्यारं दगडाच्या पात्यांची. मुख्य पीक जव, जोडीला गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. रानातली बोरं, जांभळं. घोडला येणारं पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाट खणला होता आणि त्याला लागून बांध घातला होता. आज याच नदीवर, वरच्या अंगाला चिंचणीला, धरण आहे आणि त्याच्या कालव्यांवर शिरूर-श्रीगोंद्याची शेती उभी आहे. पाणी अडवायचं आणि पुढच्या महिन्यासाठी राखायचं ही कल्पना या काठाला तीन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. पाच खोल्यांच्या त्या घराशेजारी धान्याचं कोठार होतं. त्यात जमिनीत खणलेली पेवं होती आणि कणग्या ठेवण्यासाठी मातीचे गोल ओटे. एका घराच्या गरजेला पुरेल त्यापेक्षा हे धान्य जास्त होतं, म्हणून खोदणाऱ्यांनी ते गावाचं कोठार मानलं आणि शेजारचं घर मुखियाचं.

या घरांच्या जमिनीखाली मुलं पुरलेली होती. दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यांच्या पोकळीत मूल, आणि वर पुन्हा जमीन सारवून त्याच घरात राहायचं. मोठी माणसं खड्ड्यात उत्तर-दक्षिण निजवलेली, डोकं उत्तरेला, आणि पाय घोट्यापासून तोडलेले. मृताने घर सोडून जाऊ नये म्हणून हे केलं असावं, असा खोदणाऱ्यांचा तर्क. एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची एक लंबगोल पेटी निघाली. आत एक स्त्रीमूर्ती, तिला शीर नाही. पेटीच्या झाकणावर आणखी एक शीरविहीन स्त्रीमूर्ती आणि एक बैल. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक आहे. काडी घालून मूर्ती बैलावर बसवता येईल असं ते जमवलेलं होतं. ही पेटी कोणाला दिसावी म्हणून केलेली नव्हती. करून झाल्यावर ती पुरली होती. सुबक रंगवलेली जोर्वे भांडी संग्रहालयात लक्ष वेधून घेतात, पण माझ्या मते इनामगावने मागे ठेवलेला बुद्धीचा सर्वांत स्पष्ट पुरावा ही कच्च्या मातीची पेटी आहे, कारण खाणं, निवारा, संरक्षण यांपैकी एकाही गरजेने तिचा उलगडा होत नाही.

पेव, पाट, मुलांचे कुंभ, पेटी या चारही गोष्टींत एक धागा आहे. प्रत्येकीत जे समोर नाही त्याची तरतूद आहे. पेव पुढच्या वर्षाच्या भुकेसाठी, जी आज लागलेली नाही. पाट उद्याच्या कोरड्या आठवड्यांसाठी, आणि तोही एकट्याने खणता न येणारा, म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचा विचार करून खणलेला. कुंभ त्या मुलासाठी, जे आता नाही. पेटी कोणा अदृश्य शक्तीसाठी, किंवा कोणा अदृश्य भीतीसाठी. बुद्धीची माझी व्याख्या हीच आहे: अनुपस्थित गोष्टींना हजर धरून त्यांच्यासाठी व्यवस्था करणं, ती इतरांबरोबर वाटून घेणं, आणि परिस्थिती पालटली की ती व्यवस्थाही पालटणं. निघोजच्या रांजणांत नेमकं हेच नाही. ते कितीही रेखीव असले तरी कशासाठीच नाहीत. त्यांत साठलेलं पाणी कोणी कोणासाठी साठवलेलं नाही. रेखीवपणा, पुनरावृत्ती, प्रमाणबद्धता या गोष्टी निसर्ग फुकट देतो. म्हणून त्या बुद्धीची साक्ष म्हणून कमकुवत आहेत.

आता पहिला आक्षेप. मुंगीही धान्य साठवते. सुगरण पिलांसाठी घरटं विणते, ती पिलं तर अजून अंड्यातही आलेली नसतात. मग त्यांना बुद्धिमान म्हणायचं का? उत्तर माझ्या व्याख्येच्या शेवटच्या अटीत आहे. सुगरणीच्या घरट्याची जात ठरलेली. दुष्काळ पडला म्हणून ती वेगळ्या तऱ्हेचं घरटं शोधून काढत नाही. पण हे उत्तर देताना प्रामाणिक राहायचं तर लगेच कुकडीकाठच्याच बोरीकडे पाहावं लागतं. जुन्नर तालुक्यातल्या बोरीला नदीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या संदर्भात फार प्राचीन अशूलियन दगडी हत्यारं मिळाली आहेत. राखेचं वय किती, यावर मोठा वाद झाला. कोणी ती चौदा लाख वर्षांची ठरवली, कोणी पावणेसात लाखांच्या आसपासची, आणि कोणी ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची मानली. वय काहीही असो, अशूलियन हातकुऱ्हाडीची गंमत अशी की तिचा घाट जगभर दहा लाख वर्षांहून अधिक काळ जवळपास तसाच राहिला. दोन्ही बाजूंनी छिललेली, प्रमाणबद्ध, बदामाच्या आकाराची. ती घडवणारे आपले पूर्वज किंवा पूर्वजांचे भाऊबंद होते, पण हे स्थैर्य सुगरणीच्या घरट्याच्या जास्त जवळ जातं, इनामगावच्या घरांच्या कमी. म्हणजे आपल्याच घराण्यात बुद्धीची सीमारेषा एका दगडावर बोट ठेवून दाखवता येत नाही.

ती दुसऱ्या बाजूनेही पुसट आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये चिंपांझींनी फळं फोडायला वापरलेले दगड सापडले आणि ते सुमारे ४,३०० वर्षांपूर्वीचे निघाले, म्हणजे इनामगावपेक्षाही जुने. ब्राझीलमधली कॅपुचिन माकडं दगडावर दगड आपटताना आपोआप अशा कपच्या पाडतात की त्या माणसाने छिललेल्या वाटाव्यात; माकडं मात्र त्या कपच्या वापरत नाहीत. या शोधाने पुरातत्त्वज्ञांना जो धक्का दिला तो आवश्यक होता. हत्यारासारखी दिसणारी वस्तू म्हणजे हत्यार, हे गृहीत धरणं थांबलं. आणि इतक्या दूर जायचीही गरज नाही. शिरूर, जुन्नर, दौंडच्या उसात आज बिबट्या राहतो. तो माणसाच्या वेळा ओळखतो, कुत्र्यांच्या जागा ओळखतो, केलेली शिकार लपवून ठेवून दुसऱ्या रात्री परत येतो. या तालुक्यांतल्या घरांनी त्याच्या शेजाराची फार मोठी किंमत मोजली आहे आणि ती विसरून बिबट्याचं कौतुक करणं बरं नाही. पण त्याच्यात उद्याची जाण नाही, असं कोणी म्हणू नये. जुन्नर भागात २००१ ते २००३ दरम्यान पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले, तेव्हा हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, हे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. कारण बिबट्या म्हणजे उचलून दुसरीकडे ठेवायची वस्तू नव्हे, त्याला त्याचा मुलूख माहीत असतो. म्हणून मी बुद्धीला उंबरठा मानत नाही, चढण मानतो. बिबट्याची तरतूद उद्याच्या रात्रीपर्यंत जाते. इनामगावची पुढच्या हंगामापर्यंत, शेजाऱ्याच्या शेतापर्यंत, मेलेल्या मुलापर्यंत जाते. अंतर मोठं आहे, पण मधे दरी नाही.

आता आभाळाकडे वळू. १९५९ साली ज्युसेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन यांनी ‘नेचर’मध्ये सुचवलं की दूरच्या ताऱ्यांवर कोणी असेल तर ते १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे हायड्रोजनच्या नैसर्गिक लहरीजवळ बोलतील, कारण विश्वात कोणालाही ती खूण ठाऊक असणार. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत दोन जवळच्या ताऱ्यांकडे दुर्बीण वळवून ऐकायचा पहिला प्रयत्न केला. १९६१ मध्ये त्यांनी आपलं प्रसिद्ध समीकरण मांडलं. त्या समीकरणात नेमकं काय मोजलं आहे, हे पाहण्यासारखं आहे: संदेश पाठवू शकणाऱ्या संस्कृती. हे प्रामाणिक होतं. पुढे वापरता वापरता ‘संदेश पाठवणारी’ आणि ‘बुद्धिमान’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बसू लागले आणि मग एवढी वर्षं ऐकूनही काही ऐकू आलं नाही, तेव्हा आभाळात कोणी बुद्धिमान नाही, असा निष्कर्ष सहज काढला जाऊ लागला. हा निष्कर्ष इनामगावला लावून पाहा. तिथल्या माणसांचा मेंदू आपल्याइतकाच होता. त्यांनी पाट खणला, कोठार राखलं, मुलांना घराजवळ ठेवलं. नऊशे वर्षांत त्यांनी आभाळात एकही रेडिओ लहर सोडली नाही. आपली जात सुमारे तीन लाख वर्षं पृथ्वीवर आहे. रेडिओ हाती येऊन सुमारे १३० वर्षं झाली. बाहेरून कोणी या तीन लाखांतल्या एखाद्या वर्षी पृथ्वीकडे कान लावला असता, तर २,३०० पैकी २,२९९ वेळा त्याला शांतता ऐकू आली असती, आणि त्या शांततेत भाषा, नातीगोती, शेती, गाणी आणि देव सगळे हजर होते.

ऐकण्याच्या कामात दुसऱ्या बाजूची चूकही होते, आणि ती रांजणखळग्यांची चूक आहे. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला दर १.३३ सेकंदांनी नेमका येणारा ठोका मिळाला. इतका नियमित ठोका निसर्ग देईल का, अशी शंका येऊन त्या स्रोताला गमतीने ‘छोटी हिरवी माणसं’ असं नावही पडलं. तो निघाला स्पंदक तारा, गरगर फिरणारा मेलेला तारा. पुन्हा तेच: फिरणं, नियमितपणा, रेखीवपणा, पण कशासाठीही नाही. खोडदची दुर्बीण ज्या स्पंदकांचा अभ्यास करते ते या अर्थाने आभाळातले रांजणखळगेच आहेत. उलट, बुद्धीने घडवलेला संकेत कसा असतो, हेही खोडदने ऐकलं आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं शियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याच्या प्रक्षेपकाची ताकद काही वॉटची, अंतर १७ कोटी किलोमीटरहून अधिक. खोडदच्या तबकड्यांनी तो क्षीण सूर पकडला. यान वातावरणात शिरलं तसा सूर सरकत गेला, पुढचे टप्पे त्यात ओळखता आले, आणि उतरण्याच्या जेमतेम आधी तो थांबला. यान आदळून फुटलं होतं. त्या सुरात रेखीवपणा फारसा नव्हता, गोंगाटात बुडालेली एक बारीक रेघ होती. तिचा अर्थ लागला तो ती कशासाठी आहे हे ऐकणाऱ्यांना आधीच माहीत होतं म्हणून.

इथे दुसरा, जास्त वजनदार आक्षेप येतो. रेडिओ हा निकष अपुरा असेल, पण निदान तपासता येतो. मुक्या बुद्धीची कल्पना मान्य केली, तर कुठल्याही ग्रहावर मुकी इनामगावं आहेत असं कोणीही म्हणेल आणि ते खोडता येणार नाही. आक्षेप बरोबर आहे, म्हणून मी तसा दावा करत नाही. शांततेवरून ‘आहेत’ हे सिद्ध होत नाही तसंच ‘नाहीत’ हेही होत नाही, एवढंच इनामगाव सांगतं. आणि तपासायचंच असेल तर रेडिओशिवाय दुसरी वाटही आहे: पांढरी शोधायची. २०२२ साली जेकब हक-मिस्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की मोठ्या प्रमाणावर खत वापरून शेती करणाऱ्या ग्रहाच्या वातावरणात अमोनिया आणि नायट्रस ऑक्साइड यांचं प्रमाण निसर्गतः असायला हवं त्याहून जास्त दिसेल, आणि ते दूरवरून ओळखता येऊ शकेल. हा विचार मला विलक्षण आवडतो. भीमेच्या काठाला, दौंडच्या उसाला आज जो युरिया घातला जातो, त्याचा काही अंश वायू होऊन हवेत जातो. कोणी पुरेशी मोठी दुर्बीण रोखली तर पृथ्वी शेतकऱ्यांची आहे हे त्याला आपला एकही शब्द न ऐकता कळेल. इनामगावच्या जवाच्या शेतांनी मात्र अशी खूण सोडली नसती. त्यांचा हात फार हलका होता. म्हणजे ही वाटही सगळ्या बुद्धीपर्यंत पोचत नाही. पण ती बुद्धीला तिच्या कामावरून शोधते, तिच्या बोलण्याची वाट पाहत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. पृथ्वीवर साडेतीनशे कोटी वर्षांहून अधिक काळ जीव आहेत आणि तरतूद करणारी अशी बुद्धी एकदाच, अगदी शेवटी उगवली. मग ती विश्वात अपघातासारखी दुर्मिळ असणार. सौरमालेबाहेरच्या ग्रहांची संख्या आता सहा हजारांपुढे गेली आहे, पण ग्रह म्हणजे जीव नव्हे आणि जीव म्हणजे बुद्धी नव्हे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा केले, त्यांत सूक्ष्मजीवांच्या खुणा मिळाल्या. नंतरच्या प्रयोगातून जिवाणूंच्या तीन नव्या जाती नोंदल्या गेल्या आणि एकीला फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं गेलं. ते जीव बाहेरून आले असं त्यातून निश्चित ठरत नाही, हे तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. ते ठरलं असतं तरी हा आक्षेप तसाच राहिला असता. मी तो अर्धा मान्य करतो. साधे जीव अनेक ठिकाणी असावेत आणि तरतूद करणारी बुद्धी फार थोड्या ठिकाणी, असाच माझाही कल आहे. पण आक्षेपाच्या पोटात एक जिना दडलेला असतो: जीव, मग बुद्धी, मग धातू, मग रेडिओ. एकदा पहिल्या पायरीवर पाय पडला की वर जायचंच. तो जिना इनामगावने मोडला आहे.

इ.स.पू. १००० नंतर इनामगावची चौकोनी, ऐसपैस घरं कमी झाली आणि लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शिकारीचा आणि जनावरांचा आधार वाढला. ढवळीकरांनी याचं कारण हवामान कोरडं होत गेलं हे मानलं. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इथल्या लहान मुलांच्या सांगाड्यांचा नव्याने अभ्यास करून २०११ च्या आपल्या पुस्तकात हवामानाच्या या सरळ कथेबद्दल प्रश्न उभे केले. मुलांच्या हाडांत मात्र ओढगस्तीच्या खुणा होत्या. कारण कोणतंही असो, लोकांनी सुमारे तीनशे वर्षं त्या ओढगस्तीत काढली. घर लहान केलं, हलवायला सोपं केलं, जे मिळतं त्यावर जगायला शिकले. याला अधोगती म्हणायची सवय आपल्याला लागली आहे, कारण आपण भांड्यांवरच्या रंगाने आणि घरांच्या खोल्यांनी बुद्धी मोजतो. पण व्यवस्था पालटणं ही बुद्धीची अट असेल, तर गोल झोपडीतली बुद्धी पाच खोल्यांच्या घरातल्या बुद्धीपेक्षा तसूभरही कमी नाही. आणि त्यानंतर, इ.स.पू. ७०० च्या सुमाराला, गाव उठलं. रेडिओकडे जाणारा जिना तिथे नव्हता. नऊशे वर्षं पूर्ण बुद्धीने जगून एक वस्ती संपली, एवढंच होतं. आभाळातल्या बुद्धीचा मोठा भाग असाच असेल, तर खोडदच्या तबकड्या हजार वर्षं फिरल्या तरी तो त्यांच्या कानावर यायचा नाही, आणि तरी तो असेल.

शेवटचा एक प्रश्न उरतो, आणि तो ओळखण्याचा नाही, समजण्याचा आहे. इनामगावची माणसं आपल्याच जातीची, आपल्याच नदीकाठची. त्यांनी खाल्लेले कुळीथ आजही शिरूरच्या घरांत शिजतात. त्यांच्या एका भांड्यावर कोरलेली दोन बैलांची गाडी आजच्या कोणाही शेतकऱ्याने ओळखावी. तरीही त्या पेटीतल्या मूर्तीला शीर का नाही, हे आपल्याला सांगता येत नाही. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडले जात असताना अंगणातल्या त्या एका पुरुषाचे पाय शाबूत का ठेवले, यावर मुखिया असेल म्हणून, एवढंच आपण म्हणतो. आणि ज्या रांजणात त्याला बसवलं, त्याला कोणीतरी कच्च्या मातीचे चार पाय लावले; बोटांनी दाबून, ओले असताना, उभं राहता यावं असे.